दगडाची चव

मी आणि धाकटी, आम्ही दोघी बहिणी संग्रहालयाच्या तळघरात बसून जीवाश्मांची चित्रं काढायचो. पेन्सिल, भिंग, मऊ ब्रश आणि पाण्याची बाटली. दगड ओला केला की त्यातल्या रेषा उठून दिसतात. पण बाटली उघडायचा आळस; जुनी माणसं सरळ दगडाला जीभ लावायची. ती खोड धाकटीला मीच लावली, हे आज पन्नास वर्षांनीही मनात सलतं.

त्या दिवशी टेबलावर पाइनच्या कुळातल्या एका झाडाचं शंकूसारखं फळ होतं, दगड झालेलं. संग्रहालयाचे साहेब म्हणाले, "जपून हं. हे झाड माणूस जन्मायच्या कितीतरी आधी संपलं. दगडाखेरीज त्याचा कुठेही मागमूस नाही."

धाकटीने जीभ लावली आणि थबकली.

"ताई, याला चव आहे गं."

"मग मीठ लावून खा!"

"थट्टा नाही. डिंकासारखी लागते. ताज्या."

मला चाखून बघायचा धीर झाला नाही.

आठवड्याभरात तिला खोकला लागला. रुमालावर फिकी पिवळी धूळ पडायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फुप्फुसं स्वच्छ. शेवटी मी रुमाल साहेबांकडे नेला. त्यांनी ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, कपाटातली त्याच दगडाच्या भुग्याची एक जुनी काचपट्टी काढून पाहिली, मग पुन्हा धूळ पाहिली. दोन्हीकडे तेच परागकण होते.

"दगडातले चपटे झालेत," ते हळूच म्हणाले. "हे टम्म आहेत. कुठून आणलेस?"

"बहिणीच्या खोकल्यातून."

त्यांनी रुमाल परत दिला आणि हात धुतले. बराच वेळ.

खोकला आपोआप थांबला. माझा जीव भांड्यात पडला. मग ध्यानात आलं, वारा नसला की धाकटी श्वास सोडत नाही.

आधी क्षणभरच. काही वर्षांनी मिनिटं. झुळूक आली की वाऱ्याकडे तोंड करून श्वास सावकाश सोडायची. मी पंखा लावला. तिने नुसती नकाराची मान हलवली.

डॉक्टर म्हणाले, असं माणूस जगत नाही.

आज सकाळपासून झाडाचं पान हललेलं नाही. दुपारचे दोन वाजलेत. धाकटी खिडकीत बसली आहे, सकाळचाच श्वास छातीत भरून.

मी घाबरून तिचा हात धरला.

तिने माझा हात थोपटला. कसलीच घाई नसल्यासारखं.