उंबरदऱ्याला आलेली गाडी

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. ज्यांच्यावर हे बेतलं ते काशीनाथ माझे सख्खे मामा. माणूस धडधाकट आहे, डहाणूत राहतो, आणि दारू सोडाच, तंबाखूलाही शिवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्यातला कुणीतरी खाली कमेंटमध्ये तेच विचारणार.

आणखी एक. यात रात्र नाही, अमावस्या नाही, स्मशानही नाही. जे झालं ते भर दुपारी, रखरखत्या उन्हात झालं.

गेल्या वर्षीचा मे महिना. मंगळवार. तलासरी तालुक्यातला एक पाडा. त्याचं नाव बदलून मी उंबरदरा ठेवलंय.

मामा सरकारी गाडीवर ड्रायव्हर. गाडी सरकारी, मामा कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, आणि त्यावर साहेबांची मर्जी. हे साहेब म्हणजे एका समितीचे सभापती. कुठली समिती, कुठला पक्ष ते विचारू नका, मला इथेच राहायचंय. सगळे त्यांना देवेशभाऊ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

भाऊ बोलायला गोड. निवडणुकीच्या वेळी उंबरदऱ्याला गेले होते तेव्हा मांडवात उभं राहून म्हणाले, "आजारी माणूस असो, बाळंतीण असो, माझी गाडी ती तुमची गाडी. नुसता फोन करायचा."

आणि फोन नंबर दिला. स्वतःचा नव्हे, मामांचा.

पाड्यातल्या लोकांनी तो नंबर कोळशाने घरांच्या कुडावर लिहून ठेवला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या भिंतीवर शाळेतल्या अहिल्या मॅडमनी लिहून दिला.

त्यानंतर भाऊ उंबरदऱ्याला एकदाही फिरकले नाहीत.

गाडी मात्र जात होती. लॉगबुकात.

हे लॉगबुक काय ते सांगतो. सरकारी गाडी हलली की ड्रायव्हरने वहीत लिहायचं, कुठे गेली, कशाला गेली, किती वाजता परत आली. खाली साहेबांची सही. आता वहिनींना वापीला साड्या घ्यायच्या असल्या, भाऊंच्या साडूकडे संजाणला जेवण असलं, तर वहीत काय लिहिणार? भाऊंनीच शिकवलं होतं. "उंबरदरा टाक. वर जायला रस्ता नाही, कोण बघायला जातंय."

मामा टाकायचे. 'उंबरदरा, पाणीटंचाई पाहणी.' दीड वर्षात भाऊंनी त्या पाड्याची एवढी पाहणी केली होती की तिथल्या कोंबड्यांनीसुद्धा त्यांना ओळखायला हवं होतं.

मामांना त्याचं काही वाटायचं नाही. सगळेच ड्रायव्हर लिहितात हो.

तर तो मंगळवार. गाडी वापीत, साड्यांच्या दुकानाखाली उभी. एक वाजला असेल. मामांचा फोन वाजला.

उंबरदऱ्याचा हाल्या. त्याची बायको रूपी पहिलटकरीण, पहाटेपासून कळा देत होती, आता अंगावरून जायला लागलं होतं. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला वेळ लागणार होता.

"दादा, भाऊची गाडी आण ना."

मामा धावत दुकानात गेले. भाऊ गादीवर बसून सरबत पीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, "सांग, निघालोय म्हणून."

"पण भाऊ, वहिनींची खरेदी अजून..."

"अरे, सांग तर. तोवर त्यांची अॅम्ब्युलन्स येते."

मामांनी सांगितलं. "निघालोय रे हाल्या. तिला फाट्यावर आणा."

चौघांनी रूपीला झोळीत घातलं आणि डोंगर उतरून फाट्यावर आणलं. तिथे भाजीचा एक टेम्पो आला. बाळ्या नावाचा माणूस चालवत होता. तो आपणहून थांबला, म्हणाला, टाका मागे, दवाखान्यात सोडतो.

हाल्याची आई, बारकी, नको म्हणाली. भाऊंची गाडी येतेय, तिच्यात गादी आहे, पोरीला थंडावा मिळेल. एवढा मोठा माणूस निघालोय म्हणाला म्हणजे निघालाच असणार ना.

टेम्पो गेला.

हाल्याने आणखी दोनदा फोन केला. मामा दोन्ही वेळा म्हणाले, पोचतोच. तिसऱ्यांदा, दोन वाजून दहा मिनिटांनी, फोन रूपीने स्वतः घेतला. आवाज पार दमलेला.

"कुठवर आलास, दादा?"

"आलोच, बाय," मामा म्हणाले. त्या वेळी ते साड्यांचे खोके गाडीत भरत होते.

चारच्या सुमाराला रूपी फाट्यावरच गेली. पोटातलं बाळही गेलं.

मामांना हे माहीत नव्हतं. अॅम्ब्युलन्स आली असेल असं धरून चालले होते. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी वही उघडली. हात सवयीने चालला. 'उंबरदरा, पाहणी. दुपारी एक ते साडेपाच.' भाऊंनी सही ठोकली.

बातमी दुसऱ्या दिवशी कळली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत, असं मामी सांगते.

शुक्रवारी ते गाडीचं काम करून एकटेच परतत होते. हायवेला दुपारची वर्दळ होती. फोन वाजला. हाल्याचा नंबर.

आता शिव्या ऐकाव्या लागणार, असं मनाशी म्हणत मामांनी फोन उचलला.

पलीकडे कुणी बोलेना. नुसता वारा. मग...

"कुठवर आलास, दादा?"

मामांनी करकचून ब्रेक मारला. मागून येणारा ट्रक शिव्या घालत बाजूने गेला. त्यांनी उलट फोन लावला तर बंद.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच नंबर. तिसऱ्या दिवशीही तेच. न राहवून मामांनी अहिल्या मॅडमना विचारलं, हाल्याचा फोन कुणाकडे आहे हो?

मॅडम म्हणाल्या, "कुणाकडे नाही. इथे बाईमाणसाच्या वस्तू तिच्यासोबत चितेवर ठेवतात. तिच्या बांगड्या ठेवल्या, लुगडं ठेवलं. फोन शेवटपर्यंत तिच्या हातात होता, तर म्हाताऱ्या बाया म्हणाल्या तोही ठेवा. जळला तिच्याबरोबर."

मामांनी नंबर बदलला. नवा नंबर फक्त मामीला आणि भाऊंना ठाऊक.

दोन दहाला नवा फोन वाजला.

"कुठवर आलास, दादा?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतात. रागावलेल्या माणसाचे पाय तरी धरता येतात. ती नुसती विचारायची. गाडी येतेय यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

मामांनी भाऊंना सांगितलं. भाऊंनी एकदा तो वाजणारा फोन उचलून कानाला लावला, थोडं ऐकलं आणि परत दिला. "काही नाही रे. रेंज नाही. झोपत जा जरा."

त्यांना खरंच काही ऐकू आलं नव्हतं. भुतंसुद्धा आपल्यासारख्यालाच धरतात. सभापतींना धरायचं तर आधी पीएला विचारावं लागत असेल.

इकडे अहिल्या मॅडमनी अर्ज केला. गाडी देतो म्हणून सांगितलं, बाई तीन तास फाट्यावर ठेवली, गाडी आलीच नाही. चौकशी लागली. तारीख पडत पडत पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी एकदाचं बोलावणं आलं.

खोलीत टेबलावर लॉगबुक. टेबलामागे चौकशीचे साहेब. त्यांच्या बाजूच्या खुर्चीत भाऊ, हातात चहा. ज्याच्यावर तक्रार तो साहेबांबरोबर चहा पीत होता, आणि ज्यांची तक्रार ते हाल्या आणि बारकी दाराबाहेर उकिडवे बसले होते.

मामा सकाळी घरून ठरवून निघाले होते. मामीला सांगितलं होतं, आज खरं बोलणार, मग नोकरी जाऊ दे.

"हे अक्षर तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे त्या दुपारी गाडी उंबरदऱ्याला होती?"

मामांच्या खिशात फोन थरथरायला लागला. दोन दहा.

भाऊंनी कप खाली ठेवला. अगदी मायेने म्हणाले, "काशीनाथ, रश्मीचं लग्न जमतंय ना यंदा? बोल, जे असेल ते बोल. घाबरू नकोस."

रश्मी माझी मामेबहीण.

फोन थरथरतच होता. बाहेरून बारकीचा खोकला ऐकू येत होता.

"होती," मामा म्हणाले.

आणि फोन... मध्येच थांबला.

त्यानंतर तो कधी वाजला नाही. दुसऱ्या दिवशी दोन दहा झाले, अडीच झाले, तीन वाजले. सुटली बिचारी, मामांना वाटलं. इतक्या महिन्यांनी त्यांना नीट झोप लागली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी धुतली, सीटवर नवे पांढरे टॉवेल अंथरले आणि स्टार्टर मारला.

मागचं दार उघडलं...

आणि लागलं.

मामांनी आरशात बघितलं. कुणी नाही. मागच्या सीटचा टॉवेल मात्र मधोमध दबला होता. गाडीत चुलीच्या धुराचा वास येत होता, घामाचा येत होता, आणि आणखी एक वास येत होता जो मामांनी मामीच्या बाळंतपणात घेतला होता. गाडी पुढे काढली तेव्हा मागे वजन आहे हे त्यांना स्टेअरिंगवर कळलं. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आहे, त्याला ते कळतं.

पहिल्या गतिरोधकावर मागून कण्हल्याचा आवाज आला.

तेव्हा मामांच्या लक्षात आलं. त्यांनी साहेबांसमोर सांगितलं होतं की गाडी गेली होती. गाडी आली, म्हणून ती बसली.

भाऊ पुढच्या सीटवर बसायचे, मोबाईलवर बोलायचे, हसायचे. मागे ती कण्हत असायची. एकदा भाऊ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "गाडी धूत जा रे." तेवढंच.

मामा चौकशीच्या साहेबांकडे गेले. जबाब बदलायचाय म्हणाले.

"अहवाल वर गेला," साहेब म्हणाले. "वही म्हणते गाडी होती, तुम्हीही म्हणालात होती. आता तुम्ही दुसरं बोललात तर खोट्या साक्षीबद्दल आत तुम्हीच जाल. सभापती नाही जाणार. घरी जा."

मग उरला हाल्या. निदान त्याच्यासमोर तरी खरं बोलावं म्हणून एका दुपारी मामांनी गाडी सरळ उंबरदऱ्याला घेतली. भाऊ मुंबईला होते. दीड-दोन वर्षांत ती गाडी पहिल्यांदाच त्या फाट्यावर पोचत होती.

हाल्या फाट्यावरच भेटला. गवताचा भारा उतरवून सावलीला बसला होता. मामा त्याच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. वापी, साड्या, वही, साक्ष. काही लपवलं नाही.

हाल्या शांतपणे ऐकत होता. मग मान हलवून म्हणाला, "नाय, दादा. साहेबानं वही वाचून दाखवली. तुझं अक्षर व्हतं, भाऊची सही व्हती. गाडी आली व्हती. आम्हीच चुकलो. आम्ही हितं बसलो, गाडी खालच्या वळणाला लागली असंल. म्या आयेला रोज सांगतो, खाली जायला पायजे व्हतं."

"अरे नाही रे. मी खोटं बोललो, हाल्या."

"तू कशाला खोटं बोलशील? तू तर फोनवर आलो आलो करत व्हतास." त्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्यापायी तुला तरास झाला."

मामांना रडू कोसळलं. त्यांना शिव्या हव्या होत्या, आणि हा त्यांची समजूत घालत होता.

तेवढ्यात हाल्याची नजर गाडीकडे गेली. डोळ्यांवर हात धरून तो बघू लागला.

"गाडीत कोण बाय हाय?"

मामा उभे राहिले.

"वाकून बसलीय," हाल्या म्हणाला. "तोंड दिसत नाय. पेशंट हाय काय?"

मामांनी गाडीकडे बघितलं. त्यांना रिकामी सीट दिसत होती. तोंडातून एवढंच निघालं, "हो. दवाखान्यात न्यायचीय."

हाल्या ताडकन उठला. "मंग हितं काय बोलत बसलास, दादा? ने ना तिला लवकर." आणि त्याने रस्त्यात आलेला आपला भारा ओढून बाजूला केला, गाडीला वळायला जागा करून दिली.

मामांनी गाडी सरळ सरकारी दवाखान्यात नेली. मागचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. वॉर्डबॉय येऊन विचारून गेला, कुणाला आणलंय? मामा तसेच उभे. अर्धा तास गेला, तास गेला...

कुणी उतरलं नाही.

त्यानंतर कितीदा तरी त्यांनी तसं करून बघितलंय. ती उतरत नाही.

परवा मामांनी मला घोलवडहून डहाणूपर्यंत त्या गाडीतून आणलं. भाऊंना पुढच्या वेळी मोठं तिकीट मिळणार म्हणतात, नवी गाडी, नवा ड्रायव्हर येणार. चिखले गावाच्या पुढे मी म्हटलं, मामा, रश्मीताईचं लग्न झालं, आता तुम्हीच सोडा की ही नोकरी.

मामा हळू आवाजात, मागे ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "मी सोडली तर नवा माणूस येईल. मागे कोण बसलंय हे त्याला ठाऊकच नसणार. तिला दवाखान्याच्या दारात तरी कोण नेणार?"

मी पुढच्या सीटवर बसलो होतो. डहाणू येईपर्यंत मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर मी त्या गाडीत बसलेलो नाही.