करकोचे आल्यापासून

लसणाच्या सुपात निकासिओनं नुकताच पाव कुस्करला होता, तेवढ्यात दार वाजलं. आली ती उर्बानामावशी, सांता कोलोमा चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी. तिचा हात सारखा एप्रनच्या रिकाम्या खिशाकडे जात होता.

"हर्मिनिया, किल्ल्या काढून घेतल्या गं माझ्याकडून! चोर म्हणतात मला!" आणि म्हातारीला रडू कोसळलं.

हर्मिनिया कासेदो सामोरा शहरात खासगी तपासाची कामं करायची. निकासिओ तिचा धाकटा दीर. तपासात तो तिच्यासोबत हिंडायचा, आणि मिळेल तिथं खायचा.

भानगड अशी होती. सांता कोलोमातली लाकडी माता शेकडो वर्षांची. मांडीवर बाळ, आणि मायलेक दोघंही समोर टक लावून बघणारी. माद्रिदच्या एका संग्रहालयाला ती प्रदर्शनासाठी हवी होती. तिथला तज्ज्ञ न्यायला आला, त्यानं मूर्तीच्या पाठीवर टकटक केलं आणि सांगितलं, ही नक्कल आहे. अस्सल माता गायब! किल्ल्या एकट्या मावशीकडे. चर्चच्या मिरवणुका आणि उत्सव सांभाळणाऱ्या बंधुमंडळाचे प्रमुख लेआन्द्रोसाहेब, त्यांनी सगळ्यांदेखत त्या हिसकावून घेतल्या. सोमवारी पोलिसांत तक्रार जाणार होती.

"दर शनिवारी उचलून पुसते मी तिला," मावशी हुंदके देत म्हणाली. "आत उजेड तो केवढा, खिडक्या म्हणजे भिंतीला नुसत्या फटी! चेहरा बदललेला कळला नाही, हे खरं. पण चोरी? अगं, करकोचे आल्यापासून तिला उचलताना धाप लागते मला. हात गेले, दुसरं काय!"

हर्मिनियाची मान झटकन वर झाली. "मावशी, किल्ली कुणाला दिली होतीत?"

"पानगळीत बेगोन्याला, ती जुन्या मूर्ती दुरुस्त करते ना, मूर्ती साफ करायला. मग एक सकाळ लेआन्द्रोसाहेबांना, कॅलेंडरच्या फोटोंसाठी. फादरसुद्धा मी दार उघडल्यावरच आत येतात."

"भावजी, उठा."

"वहिनी, सूप तरी—"

"सूप पळून जात नाही. चला!"

फादर एव्हेलिओ चर्चच्या कमानीखाली उभे होते. वर दगडात कोरलेली माकडं आणि राक्षस वाकुल्या दाखवत होते.

"दुपारची घंटा झाली नाही का हो अजून?" निकासिओ कळवळला. "पोटात कावळे ओरडतायत."

"कावळ्यांचं मला माहीत नाही, पण करकोच्यांनी आमची घंटा बंद पाडलीय," फादर हसले. "मनोऱ्यावर घरटं आहे. फेब्रुवारीत ते आले त्याच दिवशी घंटेचा लोलक बांधून टाकला. मादी आवाजाला भिते. पिल्लं उडाली की सोडू."

"मूर्ती माद्रिदला जाणार, हे कुणाला खुपत होतं?" हर्मिनियानं विचारलं.

"सगळ्या मंडळाला. नाताळात निरोप आला तेव्हापासून कुरकुर चाललीय. माद्रिदला गेलेली वस्तू परत येते थोडीच, म्हणतात."

बेगोन्या तिच्या कामाच्या खोलीत रंग खरवडत बसली होती. पोरगी फटकळ. "मी साफ केली ती अस्सलच होती. पाठीची फळी मीच उघडलेली. त्या काळचे कारागीर लाकूड तडकू नये म्हणून मूर्ती मागून पोखरायचे आणि वर फळी बसवायचे."

"आणि ही नक्कल?"

"आख्खा ओंडका! जे दिसत नाही त्यासाठी कोण मरमर करतो?"

"नक्कल तुला जमली असती, नाही का?" निकासिओनं खडा टाकला.

"जमली असती काका. आणि मी केली असती तर पाठसुद्धा पोखरली असती!"

लेआन्द्रोसाहेबांनी पाहुण्यांपुढं चीज आणि वाइन ठेवली. निकासिओचा जीव भांड्यात पडला. भिंतीवर मंडळाचं कॅलेंडर होतं.

"हे फोटो एकाच सकाळचे. करकोचेसुद्धा घेतलेत, बघा."

"मूर्ती बाहेर नेली होतीत?" हर्मिनियानं विचारलं.

"छे! वेदीपाशीच फोटो काढले. सकाळभर आतच होतो. दुपारची घंटा झाली तसं आवरलं आणि किल्ली परत केली. वाईट वाटतं हो म्हातारीचं. पण गुन्हा तो गुन्हा."

बाहेर पडल्यावर निकासिओ म्हणाला, "बेगोन्याच, वहिनी. कसब तिचंच."

"भावजी, तुम्ही चीज फार मन लावून खाल्लंत. उद्या सगळ्यांना चर्चमध्ये बोलवा."

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे वेदीपाशी थांबले. मावशी खांबाआड उभी होती, कुणाच्या नजरेला नजर न देता.

"चोरी केव्हा झाली, ते मावशींच्या हातांनी सांगितलं," हर्मिनियानं सुरुवात केली. "अस्सल माता आतून पोकळ, म्हणून हलकी. नक्कल भरीव, म्हणून जड. मावशी म्हणतात, करकोचे आल्यापासून धाप लागते. म्हणजे अदलाबदल तेव्हाची. बेगोन्याकडे किल्ली होती पानगळीत, त्यामुळे ती सुटली. करकोचे आल्यानंतर किल्ली गेली ती एकाच माणसाकडे."

"फोटो काढणं गुन्हा आहे का?" लेआन्द्रो गरजले.

"नाही. पण तुम्ही दुपारच्या घंटेपर्यंत आत होतात म्हणे. फोटोत करकोचे आहेत, आणि ते आल्या दिवसापासून घंटा मुकी आहे. जन्मभर घंटा ऐकून उठलात, तेच सवयीनं बोलून गेलात. दुपारी तुम्ही इथं नव्हतातच. घरी माता लपवत होतात."

निकासिओनं कपाळाला हात लावला. घंटेचं तर त्यानंच विचारलं होतं!

लेआन्द्रो बाकावर बसले. "चोरली नाही मी. वाचवली! परगावच्या कारागिराकडून नक्कल करून घेतली, माद्रिदला तीच जाणार होती. आमची माता आमच्याकडेच राहिली असती."

"आणि मावशी?" फादर पुढं आले. "तिला चोर ठरवताना जीभ झडली नाही तुमची?"

 निकासिओ लेआन्द्रोंसोबत त्यांच्या घरी गेला. कपाटात, मिरवणुकीच्या झग्यांखाली माता होती. तिला आणून वेदीच्या पायरीवर ठेवलं.

"मावशी, जागेवर ठेवा तिला," हर्मिनिया म्हणाली.

मावशीनं पदर खोचावा तसा एप्रन खोचला, श्वास भरला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. मूर्ती इतकी अलगद वर आली की म्हातारी मागं पडता पडता वाचली.

"अगं बाई! म्हणजे माझे हात शाबूत आहेत!"

तिनं मातेला एका हातानं कडेवर घेतलं आणि दुसरा हात लेआन्द्रोंपुढं पसरला.

"किल्ल्या आणा."