दोन हातांचं लुगडं

“अहो, परत दाखवा ना!” म्हणत जयवंतानं नवऱ्याच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावलाच. फोटोत टेकडीच्या गणपतीसमोर उभा असलेला तिचा धाकटा दीर सुशील, शेजारी त्याची बायको कामिनी... केवढा भरला होता त्याचा चेहरा! अकरा वर्षांनी नागपुरात पाऊल टाकलं आणि उतरला कुठे, तर हॉटेलात! सख्ख्या भावाचं घर गोळीबार चौकात असताना हा परक्या प्रवाशासारखा देवळं बघत, फोटो काढत फिरत होता.

तिनं ट्रंकेतून एक करवतकाठी लुगडं काढलं तसा नवरा, चंद्रभान, चपापला. “कुठं निघाली वं?”

“कोराडीले. गणपती पाहिला, रामटेकही पाहीन तो. पण कुलदेवीले गेल्याबिगर राहणार नाही. धाकट्या सुनेनं पहिल्या खेपेले घरच्या मागावरचंच लुगडं वाहायचं असते.”

“काहून अपमान करून घेऊन राहिली? तुझं तोंड पाहायचं नाही म्हणते तो.”

“नको पाहू म्हणा. मी त्याचं पाहीन.”

आता काय म्हणावं या बाईला! सासू दिवसभर मागावर बसायची, तेव्हा सात वर्षांच्या सुशीलला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं, आणि त्याच पोरानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. सासू आजारी पडली तेव्हा तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या परीक्षेला बसला होता, चंद्रभान मौद्याला कामावर. सासूनं जयवंताचा हात आपल्या डोक्यावर ओढून घेतला होता. “त्याले कळवू नको, परीक्षा बुडन. अन् मी अडवलं हे जन्मात सांगू नको. मेलेल्या मायवर राग धरून पोरगं कुठं जाईन?” सुशील पोचला तेव्हा चिता थंडावली होती. “कोणं ठरवलं मले न सांगायचं?” असा त्यानं टाहो फोडला, आणि जयवंता खाली मान घालून म्हणाली, “म्या. माय बोलायच्याही हालतीत नव्हती. तू गेला त्याच दिवशी अंथरूण धरलं तिनं.”

एवढ्याशा बोलण्यानं तिचं लेकरू तिच्यापासून तुटलं.

कोराडीच्या देवळात ती सकाळपासून बसून राहिली. देवी सकाळी कुमारिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढा दिसते म्हणतात. जयवंतानं तिन्ही दर्शनं घेतली, पण डोळे सारखे रांगेकडे. प्रत्येक उंच माणसाला पाहून ती मान उंचवायची... हा तर नाही? घरून आणलेली पोळी तशीच राहिली.

दिवे लागायच्या सुमारास तो आला. कामिनीच्या हातात ओटीचं ताट होतं, त्यात सीताबर्डीच्या दुकानातली साडी. जयवंता उठली, पायाला मुंग्या आलेल्या, तशीच पुढं गेली.

“कामिनी, मी तुझी मोठी जाऊ. हे वाहशील बाई देवीले? आपल्या घरचं आहे.”

सुशीलचा चेहरा दगडासारखा झाला. “तुम्ही काहून त्रास घेतला? आम्ही आणली आहे.”

तुम्ही! जिच्या पदराला नाक पुसलं तिला ‘तुम्ही’! जयवंताला भरून आलं, पण बिचारी कामिनी गोंधळली तरी तिनं दोन्ही हातांनी लुगडं घेतलं. “किती सुरेख आहे हो! बघा तरी.”

त्यानं नाइलाजानं हात लावला, आणि हात तिथंच थांबला. अकरा वर्षं तोंडातून शब्द न सांडू देणारी बाई एक गोष्ट साफ विसरली होती! सुताच्या कांड्या भरत मोठ्या झालेल्या विणकराच्या पोराला कापड वाचता येतं. त्याची बोटं काठावरून पुढं सरकत मध्यावर आली आणि वीण सैल झाली तिथं अडखळली.

“इथपर्यंत मायचा हात आहे. अशी घट्ट ठोक तिचीच. पुढचं तू विणलं.” त्यानं काठाचा धागा चिमटीत धरला. “हे सूत मीच आणून दिलं होतं. मी पुण्याले गेलो तेव्हा ताणा मागावर चढलाही नव्हता.”

जयवंता घाईघाईनं म्हणाली, “जुनं असन गा काही...”

“वहिनी, खोटं नको बोलू! मी गेलो त्याच दिवशी अंथरूण धरलं म्हणाली तू, अन् अर्धं लुगडं विणलं तिनं. ज्या बाईले मागावर धोटा फेकता येते, तिले फोन करता येत नाही? तिनंच नको म्हटलं होतं न? सांग, देवीसमोर उभी आहे तू!”

शपथ सासूची होती, मोडायची कशी? पण डोळ्यांना कोणी शपथ घातली नव्हती. ते घळाघळा वाहू लागले.

“माय... माय वं!” सुशील मटकन खाली बसला आणि भर रांगेत त्यानं वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं. “अकरा वर्षं मी तुले जाळलं! एक शब्द काहून नाही बोलली?”

मागचे लोक पुढं सरका म्हणून ओरडत होते. जयवंता त्याच्याजवळ खाली बसली, त्याचं तोंड पदरानं पुसत म्हणाली, “उठ गा. दोष घ्यायची सवय झाली होती मले. तू येत नव्हता न... त्याची नाही झाली.”