जिभेला चिकटलेला दगड

गुणाजी परब दर रविवारी साडेदहाला पिशवीभर दगड घेऊन मुलुंडला उत्तराबाईंकडे यायचे आणि दुपारी तेच दगड उचलून विक्रोळीला परत जायचे. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, हे दगडांना लागले. चाळ पाडून टॉवरसाठी खणलेला खड्डा घरासमोरच, वॉचमन ओळखीचा, मग काय विचारता.

उत्तराबाईंनी तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं होतं. एकेक दगड भिंगाखाली धरून त्या निकाल द्यायच्या. हे पान नाही, मँगनीजची नक्षी आहे. हे अंडं नाही, लाव्हातला बुडबुडा आहे. परब मान डोलवायचे. त्यांना एकच हवं होतं: एक तरी दगड खरा निघावा आणि म्युझियमच्या कपाटात त्याखाली त्यांच्या नावाची चिठ्ठी लागावी. घरी नातवंडं त्यांना दगडोबा म्हणायची.

त्या रविवारी पिशवीतून बोटभर लांबीचा राखी तुकडा निघाला.

"काळ्या फत्तराच्या खाली राखी थर लागला, त्यात गावला," परब म्हणाले. "असले अजून चोवीस आसत घरी. फडताळात ठेवलेत, गॅसच्या वर. संक्रमण शिबिरातली खोली ती केवढी, दुसरी जागा खंय आसा?"

दगड की हाड, हे ठरवायची एक जुनी रीत आहे. जीभ लावायची. हाडाला बारीक छिद्रं असतात, ते जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. वर्गातली मुलं तोंडं वाकडी करायची, पण उत्तराबाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांनी तुकडा धुतला, पुसला आणि जीभ टेकवली.

चिकटला. आणि चव लागली.

चार वर्षांपूर्वीच्या तापात त्यांची चव गेली, ती परत आलीच नव्हती. आमरस काय आणि खळ काय, त्यांना सारखंच. भूक लागली म्हणून नव्हे, घड्याळात वाजले म्हणून त्या जेवायच्या. आता तोंडभर काहीतरी आंबट, तिखट, जीभ चुरचुरवणारं पसरलं होतं. कशाची चव ते कळेना. असलं काही त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय मॅडम?" परब पुढे सरकले. "खरा हा?"

खरा होता. पण खरा म्हटलं की म्युझियमला पत्र, आणि मग दगड जाणार.

"साधा आहे," उत्तराबाई म्हणाल्या. "इथेच राहू द्या. पेपरवेट होईल."

"तुम्ही म्हणता म्हणजे विषय संपला."

पडलेला चेहरा परबांनी बाकीचे दगड पिशवीत भरण्यात लपवला. दाराबाहेर गवती चहाच्या कुंडीशी चपला घालताना ते म्हणाले, "निघतो. आमच्या विमलान बांगड्याचा तिखला केलाय आज. तिरफळां घालता, जीभ अशी चुरचुरता बघा."

दार लावून उत्तराबाईंनी पुन्हा जीभ लावली. त्या चुरचुरीला आता नाव होतं: तिरफळ.

मग दिवस गुंगीत गेले. सकाळी जीभ लावली की चहा लागे, आलं जरा जास्त. दुपारी कुळथाची पिठी. संध्याकाळी कुणीतरी कांदा परतत असे. दगड बाजूला ठेवला की तोंड पुन्हा कोरं. खुर्चीत डोळे मिटून उत्तराबाई विक्रोळीतल्या फडताळाखालचं जेवण जेवत. त्याचा विचार शास्त्राच्या माणसाने करायला हवा होता. आणि परबांचा तर करायलाच हवा होता. लाज वाटत होती, पण भूक मोठी होती.

शुक्रवारी चव बदलली. चुनखट, गार, कचकचीत. ओलं सिमेंट. त्यांनी फोन लावला.

"टाकले ना परत खड्ड्यात," परब म्हणाले. "सगळे साधेच, तर ठेवून काय करू? विमलाची पण कटकट. आज सकाळीच काँक्रीट पडलं त्यांच्यावर."

"परब, तो खरा होता. मी खोटं बोलले."

पलीकडे खड्ड्यावरचा काँक्रीट मिक्सर घरघरत होता.

"आता काय उपयोग, मॅडम," परब म्हणाले आणि फोन ठेवला.

उत्तराबाईंनी त्याच दुपारी चांगल्या कागदावर चिठ्ठी लिहिली. शोधक: गुणाजी परब, विक्रोळी. म्युझियमला पत्र लिहून सगळी हकिगत कबूल केली. दगड सोमवारी कुरियरने पाठवायचा. तोवर जीभ लावायची नाही, असं ठरवलं.

ठरवलं, आणि शनिवारी सकाळी लावली.

सिमेंट गेलं होतं. लोखंड लागलं, गंजक्या सळईचं.

दुपारी माती.

संध्याकाळी खारट, कुजका चिखल, खाजणातला असतो तसा.

रविवारी उठल्या उठल्या लावली, तर नुसतं मीठ. खडे मीठ. भांडुपची मिठागरं त्यांनी हायवेवरून कितीदा पाहिली होती. विक्रोळीहून खाडीच्या कडेकडेने मुलुंडला यायचं, तर वाट तीच.

त्यांनी दगड चिठ्ठीवर ठेवला आणि हात पुसले. साडेदहा वाजले. परबांची वेळ. परब आता येणार नव्हते.

बेल वाजली नाही.

त्यांनी दगड उचलून पुन्हा एकदा जीभ लावली.

गवती चहा. नुकताच दाताखाली आलेला.