हालवरच्या कार्बाईनचा बोल्ट

मार्चमध्ये आमच्या मिनेसोटात माणसं बंदुका दुरुस्त करायला कमी आणि माझ्या दुकानातल्या हीटरपाशी बसायला जास्त येतात. मी कुणाला हटकत नाही. या वयात तेवढाही जोर उरलेला नाही. हालवर मात्र कामासाठी आला होता, झोप न झालेल्या डोळ्यांनी. हा माझ्या नवऱ्याचा शिकारीतला जोडीदार. नवरा गेला, हा उरला. त्यानं आपली कार्बाईन, म्हणजे आखूड रायफल, माझ्या बाकावर ठेवली.

"आर्डिस, बोल्ट परत झिजलाय बघ."

"तूच झोडपत असशील, म्हाताऱ्या."

"हातसुद्धा लावला नाही गं. पोरगी म्हणते, मी गोळ्या उडवतो आणि विसरतो. वृद्धाश्रमात टाकायला निघालीय मला. माझ्या घरातून! तू खरं काय ते सांग तिला. तुझं ऐकेल ती."

पिस्तुलाची गोळी खाणाऱ्या या कार्बाईनमध्ये गोळीमागच्या लोखंडी ठोकळ्याला, म्हणजे बोल्टला, अडवणारी खिट्टी नसते. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावर सगळं. दर गोळीला तो मागे जाऊन आदळतो, म्हणून झिजतो. पण हा मीच शरदात नवा बसवला होता. आता त्याचं तोंड ठोकून ठोकून पसरलं होतं. काडतूस ओढणाऱ्या आकड्याचा टवका उडाला होता, मागे धक्का झेलणाऱ्या बफरचा चुरा झाला होता. हजारो गोळ्यांची झीज.

मी नळीत दिवा धरला. आत काजळीचा ठिपका नव्हता. मी लावलेलं तेल तसंच, त्यावर बारीक धूळ.

मला भीती वाटली. उगाच खोटं कशाला सांगू?

दुपारी हालवरची मुलगी रोंडा आली. तिलाही नळीत बघायला लावलं.

"तुझ्या बाबानं एकही गोळी उडवलेली नाही," मी म्हणाले.

"मग हे झिजलं कसं?"

"माहीत नाही. नवा बोल्ट बसवत नाही, आणि हा माझ्याकडे ठेवते. बोल्टाशिवाय कार्बाईन म्हणजे नुसती काठी. मग तरी राहू देशील त्याला घरी?"

तिनं हीटरपाशी बसलेल्या बापाकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

बोल्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळून मी खणात ठेवला.

हालवर सुधारला. झोपायला लागला, जेवायला लागला. रोंडानं खुशीनं खिमा-बटाट्याचं टेटर टॉट हॉटडिश भांडंभर आणून दिलं. ते उचलून ठेवताना माझ्या खांद्यातून कळ निघाली.

मी आणखी थकत चालले होते. उठायचे तीच दमलेली.

एकदा खण उघडला. फडकं कोमट होतं. बोल्टाच्या तोंडाला आता तडा गेला होता.

फेकावा असं मनात आलं. परत द्यावा असंही आलं. पण बोल्ट परत घरी गेला की हालवर घराबाहेर. खण लावून टाकला.

आरशात पाहिलं. उजवा खांदा, बंदुकीचा दस्ता टेकतो तिथंच, काळानिळा पडला होता.

कुणाला बोलले नाही.

शनिवारी हालवर आला, गुलाबी गालांचा. माझ्याकडे बघायचं टाळत त्यानं खिशातून मलमाची ट्यूब काढून बाकावर ठेवली. अर्धी वापरलेली.

"उजव्या खांद्याला लाव," तो म्हणाला. "झोपायच्या आधी."