उत्तर द्यायला कुणीतरी हवं

कंपनीचा मोजणीदार भरदुपारी वहिनीकडे गेला. काम साधंच होतं, तिला घराबाहेर काढायचं. वस्तीखालचा कोळसा कंपनीला मिळाला होता. कुणाला विचारून, असं ज्यांनी विचारलं त्यांच्या पाठीवर लाठ्या पडल्या. बाकीच्यांनी मोबदला घेऊन गपगुमान बिऱ्हाडं हलवली. उरली ही एकटी. उद्या घराखालचा जुना बोगदा वाळूने बुजवायचा होता. त्याच बोगद्यात छत कोसळून मोजणीदाराचा थोरला भाऊ आणि आणखी चौघे गाडले गेले होते. प्रेतं मिळाली नाहीत. कंपनीने बोगद्याचं तोंड लिंपलं आणि हात झटकले.

"वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? माझ्या घरी चला."

"मी गेले तर ह्यांना उत्तर कोण देणार, भावजी?" तिने चहा पुढे ठेवला.

खाणीतली रीत दोघांनाही ठाऊक होती. अडकलेल्यांनी छतावर ठोकायचं. जितके खाली, तितके ठोके. वरच्यांनी तेवढेच परत द्यायचे, म्हणजे आपल्याला कुणी विसरलेलं नाही हे त्यांना कळतं. पण इतक्या वर्षांनी? बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं वाटून त्याला गलबलून आलं. तिची समजूत पटावी म्हणून त्याने पिशवीतल्या हातोडीने फरशीवर एक ठोका दिला.

"ऐका. नुसती पोकळी आहे."

खोलीत ओल्या कोळशाचा वास पसरला. मग फरशीखालून सावकाश... ठक. ठक. ठक. ठक. ठक. ठक.

भावाच्या हाताचा जड ठोका तो झोपेतही ओळखला असता. तो फरशीवर ओणवा झाला आणि लहान मुलासारखा रडत ओरडला, "दादा! मी येतोय!"

डोळे पुसता पुसता त्याच्या ध्यानात आलं.

"वहिनी... ठोके सहा होते. गेले तर पाचच..."

"सहावे म्हणजे तुमच्या आधीचे मोजणीदार साहेब," ती सहज म्हणाली. "मला इथून उठवायलाच आले होते. भला माणूस. ठोके ऐकून असेच ओणवे झाले, येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी कंपनी म्हणते, बदली झाली."

"पण मी... मी तर इथेच आहे..."

खालून पुन्हा ठोके आले. या वेळी त्याने मोजायचं टाळलं. वहिनीने मात्र नीट ऐकून घेतलं, बत्ता उचलला आणि शांतपणे सात ठोके परत दिले.