इंचाला एक फूट

“अहो, थांबा! थांबा!” असं कुणीतरी ओरडेपर्यंत तिची चाकं उतारावर चढलीसुद्धा होती. जेमतेम दोन फूट वर गेली, आणि मग खुर्ची जी मागे घसरली ती थेट ओरडणाऱ्याच्या गुडघ्यांवर आदळली. तो मटकन खाली बसला. कानावरची पेन्सिल एकीकडे, हातातला पॉलिशचा बोळा दुसरीकडे.

“लागलं का हो?” तिने मान वळवून विचारलं.

“हे मी विचारायचं ना…”

“मग विचारा की.”

“लागलं?”

“नाही. पण एक सांगा, हा उतार आहे की घसरगुंडी?”

लाकडी खेळण्यांच्या कारखान्यातला तिचा हा पहिला दिवस. घरीदारी तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी चाकाची खुर्ची मिळाली त्या दिवशी ती जागच्या जागी इतकी गरगर फिरली, की ताईने तिथल्या तिथे हे नाव ठेवून टाकलं. आता ती नव्या खेळण्यांची चित्रं काढायला इथे आली होती. आणि समोर बसलेला, गुडघा चोळणारा हा गृहस्थ कारखान्याचा सुतार होता.

दाराला दोन पायऱ्या. नव्या बाई चाकाच्या खुर्चीतून येणार, उतार करून ठेव, असं मालकीणबाईंनी त्याला सांगितलं होतं. त्याने केला. खेळण्याला कुसळ राहता कामा नये, ही त्याची दहा वर्षांची सवय. म्हणून उतारही चार वेळा घासला आणि पॉलिश मारून असा चकचकीत केला की त्यात तोंड पाहून घ्यावं. त्यावरून चढायचं कसं, हे मात्र त्याच्या डोक्यात आलंच नाही.

“एवढी मेहनत घेतलीत,” भिंगरी म्हणाली, “आणि जिच्यासाठी घेतलीत तिला एक शब्द विचारला नाहीत.”

त्याचा चेहरा इतका पडला की तिलाच हसू आलं.

“ऐका. उंची जितके इंच, लांबी तितके फूट. तुमच्या पायऱ्या बारा इंच, म्हणजे उतार बारा फूट. हा तर पाचसुद्धा नाही. आणि वर खरखरीत पट्ट्या ठोका.”

“खरखरीत?” एखादं पाप करायला सांगितल्यासारखं त्याने विचारलं.

पण तिसऱ्या दिवशी बारा फुटांचा, खरखरीत पट्ट्यांचा उतार तयार होता. ती एका दमात वर गेली. तो दाराशी श्वास रोखून उभा.

“पास?”

“काठावर,” ती म्हणाली, आणि आत गेल्यावर मनसोक्त हसली.

मग त्याला तिच्या खोलीत भारीच कामं निघू लागली. दिव्याचं बटण खाली आणायचं होतं, फळी उतरवायची होती. “हात कुठवर पोचतो, दाखवता?” तो विचारी. ती भिंतीवर हात ताणून धरी, आणि तो तिच्या बोटांच्या टोकाशी पेन्सिलने खूण करी. एक खूण करायला माणसाला किती वेळ लागावा? त्याला बराच लागे. बोटांना बोटं लागत, आणि दोघंही फळीकडे बघत राहत.

“काल सरळ केलेली कडी आज परत सरळ करायला आलात?”

“वाकते ती… सारखी.”

“कमाल आहे. मी तर हातही लावला नाही.” ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस तिला मनापासून आवडू लागला होता.

एक गोष्ट मात्र तिला आतून पोखरत होती. चित्रकारांची खोली होती माडीवर. तिचं टेबल खाली, कोठाराशेजारी. दर गुरुवारी वरच्या मोठ्या टेबलाभोवती बैठक होई, नवीन खेळणी तिथे ठरत. तिची चित्रं कागदावर वर जात आणि कोपऱ्यात ‘समजलं नाही’ असा शेरा घेऊन खाली येत. शेरा मुख्य चित्रकाराचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. नोकरी तीन महिन्यांच्या चाचणीवर होती. दोन महिने गेले, सात चित्रं परत आली. एकही खेळणं पसंत पडलं नाही, तर महिन्याभरात तिला निरोपाचा नारळ मिळणार होता.

सुताराने एके दुपारी तिचे ओले डोळे पाहिले आणि तो गडबडला.

“त्यात काय एवढं? मी नेतो ना तुम्हाला वर. उचलून—”

“मी पोतं आहे?”

“तसं नाही हो, मला म्हणायचं होतं…”

“सिनेमात छान दिसतं ते! दर गुरुवारी कुणाच्या तरी गळ्याला मिठी मारून वर जायचं, आणि मग त्याच लोकांशी चित्रावरून भांडायचं? तुम्हाला जमेल?”

तो मान खाली घालून निघून गेला. खरं सांगायचं तर त्याच्या मजबूत दंडांकडे तिने आधी पाहिलं नव्हतं, असं मुळीच नाही. म्हणूनच राग जास्त आला.

तीन दिवस एकही कडी वाकली नाही. चौथ्या दिवशी तो आला आणि दारातच उभा राहिला.

“चुकलो. परत न विचारताच ठरवलं. आता विचारतो, काय केलं तर चालेल?”

ती याच प्रश्नाची वाट बघत होती. “मी वर जायचंच कशाला? बैठक खाली येऊ दे.”

दोघं मालकीणबाईंकडे गेले. त्या लगेच हो म्हणाल्या, पण मास्तरांनी हात झटकले. “बैठक त्या टेबलावरच होते. आणि ते जिन्यात मावत नाही. वरच बांधलंय ते, याच्या बाबांनी.”

इथे घोडं अडलं. सगळे सुताराकडे बघू लागले. त्याचे बाबा आता नव्हते.

“कापतो,” तो म्हणाला.

“अरे, बाबांची आठवण आहे ती तुझी!” मालकीणबाई म्हणाल्या.

“ते असते तर त्यांनीच करवत काढली असती. थोड्या शिव्या देत.”

तो हसला खरा, पण टेबल कापून, पुढच्या गुरुवारी दोन्ही भाग खाली जोडताना तो बाबांचा एकेक सांधा पुन्हापुन्हा चाचपत होता. भिंगरीने फळीचं दुसरं टोक घट्ट धरलं. खालची आडवी पट्टी त्याने काढून टाकली होती. तिचे गुडघे अलगद टेबलाखाली गेले.

बैठकीत तिने पिशवीतून स्वतः केलेलं लाकडी कासव काढलं. मास्तरांनी भुवया उंचावल्या. “हेच ना ते, मी परत पाठवलेल्या चित्रातलं? पाठीवरसुद्धा चाकं काढलीत. मला वाटलं, चुकून.”

“विचारायचं होतंत,” ती म्हणाली, आणि कासवाला एक धक्का दिला. ते सुसाट गेलं, पेल्यावर आपटलं, उलटं झालं, आणि पाठीवरच्या चाकांवर तसंच पुढे पळालं.

मग मास्तरांनी कासव उचललं आणि पुन्हा पेल्यावर सोडलं. पुन्हा. सहाव्यांदा मालकीणबाईंनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं. “पुरे! खेळणं पसंत. आणि भिंगरी, चाचणी संपली तुमची. नोकरी पक्की.”

सगळे गेल्यावर सुतार टेबलाचा कापलेला काठ घासत राहिला. खोलीभर ताज्या भुशाचा वास होता.

“वाईट वाटतंय?” तिने विचारलं.

“वाटतंय थोडं. खोटं कशाला बोलू?” मग एकदम, तिच्याकडे न बघता, “आमच्या घराला नऊ पायऱ्या आहेत.”

“बरं…”

“म्हणजे चोपन्न इंच. म्हणजे चोपन्न फूट. अंगणात सरळ मावत नाही, दोनदा वळवावा लागेल. आईच्या फुलझाडांच्या कुंड्या हलवाव्या लागतील.”

तिने खुर्ची जरा पुढे घेतली. “आई काय म्हणाल्या?”

“म्हणाली, कुंड्या काय, आत्ता हलवते. पण बावळटा, त्या मुलीला विचारलंस का?”

“मग? विचारलंस?”

तिचं ‘तू’ त्याने ऐकलं. घासायचा कागद बाजूला ठेवून तो स्टूल ओढून बसला, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील असा.

“विचारतो… येशील?”

“चहाला?”

“चहाला. आणि मग… कायमची.”

ती खुदकन हसली. मग तिने त्याच्या भुशाने माखलेल्या हातावर आपला हात ठेवला.

“येईन. पण रविवारी मापं मी घेणार. आणि आईंना सांग, एकट्याने कुंड्या उचलू नका म्हणावं, मी येतेय.”